हॅचबी ओढ्यात कोणी उतरत नाही

३ मार्च, सोमवार

फॉर्म संपला. एकोणीस पानं, काळी शाई, एकही खाडाखोड नाही. लम्ली काउंटीच्या उद्योग विकास मंडळाचा संचालक होऊन मला चौदा महिने झाले आणि हे माझ्या हातून झालेलं पहिलं ठोस काम. त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी हार्डवेअरचं दुकान चालवलं. तिथे माणूस येतो, दोन इंची खिळे मागतो, आपण दोन इंची खिळे देतो. सरकारी फॉर्मही मी तसेच भरतो. विचारलं तेवढंच, आणि खरं तेच.

एका कोंबडी कंपनीला हॅचबी ओढ्याच्या वरच्या अंगाला कोंबड्या कापायचा कारखाना घालायचा आहे. दोनशे चौदा नोकऱ्या. मोज्यांची गिरणी बंद पडल्यापासून आमच्या मेबर्न गावात नवीन काही निघालं असेल तर ती चर्चं आणि टायरची दुकानं. कॅफेत मला रोज कॉफी देणाऱ्या टोन्या हबर्डचा नवरा पंचावन्न मैलांवर कामाला जातो आणि स्वतःच्या मुलांना फक्त झोपलेली बघतो. कोंबड्या धुवायला मात्र पाणी फार लागतं, आणि ओढ्यातून किती उपसू द्यायचं हे राज्य सरकार ओढ्याचा दर्जा पाहून ठरवतं.

अकराव्या प्रश्नापाशी माझं घोडं जरा अडलं. ‘या प्रवाहात माणसं अंगभर उतरतात का? उदाहरणार्थ पोहणे, डुंबणे, पाण्यातले खेळ व इतर मौज.’ हॅचबीत पाणसाप आहेत. पोरं तळ्यावर पोहतात. आमच्या चर्चचा बाप्तिस्मा तिथे होतो, तो क्षणभर डोक्यात आला, पण बाप्तिस्मा ही काय मौज आहे? प्रभूसाठी माणूस पाण्यात उतरतो ते, आणि मोटारबोटीमागे दोरी धरून किंचाळत जातो ते, एकाच रकान्यात घालायचं? आई थडग्यातून उठून आली असती. मी ‘नाही’वर खूण केली.

विलोडीनला वाचायला दिला. एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली बायको घरात असताना शुद्धलेखन बाहेरून कशाला तपासून घ्यायचं?

“अकरावा प्रश्न नीट वाचलास?” तिनं विचारलं.

“नीट वाचला.”

“बरं,” ती म्हणाली आणि खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला गेली. त्यांना तिनं सकाळीच घातलं होतं.

१० एप्रिल, गुरुवार

परवानगी आली! माणसं उतरत नाहीत म्हणून ओढ्याला सर्वांत खालचा दर्जा मिळाला, म्हणजे कंपनीला हवं तेवढं पाणी उपसता येईल. कंपनीचे मिस्टर पेल्हम अटलांटाहून आले. माणूस अतिशय सभ्य. प्रत्येक वाक्य ‘तुमच्याबद्दल पूर्ण आदर राखून’नं सुरू करतात. नव्या फावड्यांसह आमचा फोटो काढला. माझं फावडं उलटं होतं असं विलोडीन म्हणाली, पण फोटोत ते कळत नाही.

आमच्या साप्ताहिकात आज एक पत्र छापून आलंय. खाली सही ‘ओढ्याकाठची एक शेजारीण’. कोंबड्यांना रोज दहा लाख गॅलन पाणी लागतं, मग ओढ्याला किती लागतं हे कोणी विचारलं का, असं तिचं म्हणणं. मी नाश्त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

“कसं वाटलं?” विलोडीननं विचारलं.

“विचार चुकीचे. भाषा मात्र चांगली आहे. स्वल्पविराम जिथल्या तिथे.”

“जास्त नाही ना झालेत?”

“नाही. अगदी बेताचे.”

ती खूश दिसली. बिस्किटांवर आज तिनं जास्तीचं लोणी घातलं. माझा संशय गावातल्या दुसऱ्या, मेथडिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस ऑफेलियावर आहे. मेथडिस्टांना लिहायला वेळ असतो.

८ मे, गुरुवार

डॉईलला इस्पितळातून घरी आणला. माझा थोरला भाऊ. वय त्र्याहत्तर, वजन दोनशे ऐंशी पौंड, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. डॉक्टर म्हणाले, हृदय तिसरा हिस्साच चालतंय, शस्त्रक्रिया सोसणार नाही. वर्षही निघेल असं सांगता येत नाही. गाडीत डॉईल म्हणाला, “बारक्या, तिसरा हिस्सा म्हणजे एका सिलिंडरवर इंजिन. चढ लागला की संपलं.” मी म्हटलं, आपल्याकडे चढ कुठे आहेत. त्यावर तो हसला.

डॉईलचा बाप्तिस्मा झालेला नाही. आईनं त्याच्यासाठी एक्केचाळीस वर्षं प्रार्थना केली. पालथ्या घड्यावर पाणी. ती गेली तेव्हा तो चर्चच्या बाहेर ट्रकमध्ये बसून होता.

११ मे, रविवार

आज काय झालं ते लिहितो, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही. शेवटच्या भजनाला, आमचे पाळक ब्रदर ॲशर नेहमीप्रमाणे ‘कुणाला पुढे यायचंय का’ म्हणाले आणि नेहमीप्रमाणे कुणी येणार नाही म्हणून आम्ही पुस्तकं मिटायला लागलो, तेवढ्यात मागचं दार उघडून डॉईल आला. धुतलेली डांगरी, केसांना पाणी लावलेलं. मधल्या वाटेनं दोनदा थांबत पुढे गेला. म्हणाला, “मला बाप्तिस्मा घ्यायचाय. ओढ्यात. ओढ्यातच. नाहीतर नको.” पंखे हलवणाऱ्या बाया थांबल्या. मी रडलो. माझ्या शेजारी विलोडीन समोर बघत बसली होती, एखादा विद्यार्थी कविता न चुकता म्हणून दाखवतो तेव्हा बसायची तशी.

शुक्रवारी ती त्याच्याकडे केक घेऊन गेली होती. तीन तास लागले. डॉईल फारसा बोलत नाही, तेव्हा इतका वेळ काय केलं कोण जाणे. काही का असेना, केक लागू पडला.

आमच्याकडे ओढ्यातले बाप्तिस्मे फक्त घरपरतीच्या रविवारी होतात. म्हणजे ऑगस्टचा तिसरा रविवार. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी चर्चला येतात, बाहेर झाडाखाली जेवणं होतात. प्रथा १९११ पासूनची. डॉईलला तोवर थांबावं लागेल. डॉक्टरांनी सांगितलेलं मी कोणाला बोललो नाही.

५ जून, गुरुवार

कंपनीचे पंप सुरू झाले. तूर्त फक्त कारखान्याची साठवण तळी भरून घ्यायची आहेत. आवाज अगदी कमी, हे मी बातमीदाराला मुद्दाम सांगितलं. टोन्याच्या नवऱ्यानं अर्ज भरला. तिनं आज कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवून आलो, पण बरं वाटलं हे खोटं कशाला बोलू?

२३ जून, सोमवार

ब्रदर ॲशर लाकडी पट्टी घेऊन ओढ्यावर गेले होते. वय एकोणतीस, अंगानं टाचणी. ते म्हणाले, “ब्रदर हार्लन, बाप्तिस्म्याच्या डोहात एक्केचाळीस इंच पाणी आहे.”

“मग पुष्कळ झालं.”

“माझ्या आठवणीत पन्नासच्या खाली गेलं नव्हतं. आणि ब्रदर डॉईल...” त्यांनी दोन्ही हात पसरून डॉईल दाखवला.

अडचण खरी आहे. आमच्यात शिंपडून भागत नाही, ते मेथडिस्टांचं. आमच्यात माणूस केसापासून टाचेपर्यंत एकाच वेळी पाण्याखाली गेला पाहिजे, नाहीतर तो नुसता ओला झाला. डॉईलसाठी निदान छत्तीस इंच लागतील असा ब्रदर ॲशर यांचा हिशेब. मी त्यांना धीर दिला. पाऊस पडेल म्हटलं.

४ जुलै, शुक्रवार

पाऊस नाही. चौतीस इंच.

गावजेवणात मिस्टर पेल्हम भेटले. मी सहज डोहाचा विषय काढला. त्यांनी मनापासून ऐकलं. म्हणाले, “तुमच्या श्रद्धेबद्दल पूर्ण आदर राखून, मिस्टर टिडमोर, कंपनी तुमच्या चर्चला बाप्तिस्म्याची टाकी भेट देईल. फायबरग्लासची. पाणी गरम करायची सोय असलेली.” किती उदार माणूस! मी घरी येऊन विलोडीनला सांगितलं. ती मक्याची कणसं सोलत होती. एका कणसाचे तिनं दोन तुकडे केले. तशी गरज नव्हती.

२१ जुलै, सोमवार

सव्वीस इंच. टाकी आली. निळी आहे. मागच्या भिंतीवर लावायला, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीचं चित्रही पाठवलंय, आणि चित्राच्या कोपऱ्यात कंपनीची कोंबडी आहे, अगदी लहान.

मी डॉईलला टाकी बघायला घेऊन गेलो. त्यानं तिला ट्रॅक्टरसारखा एक फेरा घातला. बुटानं ठोकून बघितली. म्हणाला, “हिच्यात आधी कोण आंघोळ करणार? मी का कोंबडी?”

“डॉईल, ही भेट आहे.”

“मला बाप्तिस्मा घ्यायचाय, बारक्या. पिसं काढून घ्यायची नाहीत.”

संध्याकाळी चर्चची सभा झाली. डॉईल टिडमोर या सभासदाचा बाप्तिस्मा टाकीत करावा, असा ठराव एकानं मांडला. बाप्तिस्म्याआधी डॉईल सभासद कसा, असा मुद्दा निघाला. चाळीस मिनिटं त्यात गेली. मग टाकी चर्चची झाली का कंपनीची, यात अर्धा तास. शेवटी मतदान झालं. ओढ्याच्या बाजूनं एकोणसाठ, टाकीच्या बाजूनं सात. मी टाकीला मत दिलं. माझ्या शेजारचा हात वर नव्हता. विलोडीनच्या खांद्याला हल्ली कळ येते, म्हणून असेल.

३ ऑगस्ट, रविवार

ओढ्याकाठच्या शेजारणीनं हद्द केली. या गुरुवारच्या अंकात तिनं माझा फॉर्मच छापलाय. अकरावा प्रश्न, माझी खूण, सगळं. खाली लिहिलंय, ‘१९११ पासून आजवर या डोहात चारशे बारा माणसं अंगभर उतरली. त्यांतली एक संचालकांची आई. एक स्वतः संचालक.’

फॉर्म सरकारी दप्तरात असतो, कुणालाही मागता येतो, हे मला ठाऊक आहे. पण चारशे बारा हा आकडा चर्चच्या जुन्या वहीतून मोजल्याशिवाय मिळत नाही. आणि ती वही दोन महिने आमच्याच घरी आहे, कारण विलोडीन पाककृतींचं पुस्तक काढतेय आणि तिला जुन्या बायकांची नावं हवी होती. म्हणजे मिस ऑफेलिया आमच्या घरी येऊन, आमची वही वाचून गेली. विलोडीनला विचारलं. ती म्हणाली, मेथडिस्ट कोणी आलं नव्हतं. माझी बायको फार भोळी आहे.

डॉईलला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला धाप लागली. म्हणाला, “काखेत कळसा, बारक्या.” मी विचारलं म्हणजे काय? तो म्हणाला, काही नाही, हृदयाला हसणं चांगलं असतं.

गंमत बाजूला. दुपारभर मी माझी खूण बघत बसलो. मी खोटं लिहिलं नाही. शपथेवर सांगतो, लिहिताना मला ते खरंच वाटलं होतं. पण ओढ्यात कोणी उतरत नाही, हे काही खरं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

राजधानीतून फोन. पर्यावरण खात्याच्या मिस लॅटिमर. आवाज तरुण, बोलणं नेमकं.

“मिस्टर टिडमोर, आमच्याकडे सहासष्ट पत्रं आली आहेत. पण पत्रं ही मतं असतात. तुमचा फॉर्म ही नोंद आहे.”

“येस मॅम.”

“नोंद बदलायची तर ज्यानं ‘नाही’ लिहिलं त्यानंच ‘होय’ म्हणायला हवं, स्वतः बघून. या सतराला ओढ्यात एकजण उतरणार आहेत असं मला कळवलंय. मी येतेय. पूर्ण पाण्याखाली जातात का, एवढंच मला पाहायचं. नुसतं पाय ओले करणं नव्हे.”

“नाही मॅम. पाय ओले करणं आमच्यातही चालत नाही.”

“आणि ‘होय’ म्हणालात, तर दर्जा बदलतो. पंप त्याच दिवशी थांबतील. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते.”

मी आभार मानले. सवयीनं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बावीस इंच.

मिस्टर पेल्हम येऊन गेले. आज आदर राखायला विसरले. “पंप थांबले तर कंपनी जॉर्जियात जाईल. जागा बघून ठेवलीय. एका म्हाताऱ्याला टाकीत बसवायचंय, एवढंच तुमचं काम. दोनशे चौदा घरांसाठी ते जड आहे का?”

प्रश्न बरोबर होता. माणूस आवडेनासा झाला म्हणून त्याचा प्रश्न चुकीचा होत नाही. कॅफेत गेलो तर टोन्यानं सांगितलं, नवऱ्याला पत्र आलंय, पहिल्या तुकडीत नाव आहे, एक सप्टेंबरपासून प्रशिक्षण. पत्र तिनं काचेखाली लावलंय. दोनदा वाचायला लावलं मला.

विलोडीनला विचारलं, मी काय करू? तिला सगळ्याचं उत्तर माहीत असतं. पण आज ती बराच वेळ भांडी पुसत राहिली आणि मग म्हणाली, “हार्लन, हे मी तुला सांगणार नाही. इतर सगळं सांगितलं असतं.” आणि माझ्या गालाला ओला हात लावला. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकी हळवी कधी पाहिली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

डॉईलला समजावायला गेलो. तो ओसरीवर खुर्चीत होता, पाय सुजलेले, बूट चढत नाहीत म्हणून मोज्यांवर. मी सगळं सांगितलं. नोकऱ्या, टोन्या, जॉर्जिया. टाकीतलं पाणीही पाणीच, देवाला फरक पडत नाही, हेही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “आईचा बाप्तिस्मा तुला आठवत नाही. तू जन्मला नव्हतास. मी सात वर्षांचा होतो. काठावर बसून बघितला.”

“मग?”

“ती वर आली ना, तेव्हा हसत होती. मोठ्यानं. ओली चिंब, तोंडात पाणी, आणि हसतेय. घरी ती कधी हसायची का? बापासमोर? मला वाटलं, पाण्याखाली काहीतरी आहे. तिनं बघितलंय आणि सांगत नाही. त्याचा मला राग आला म्हणून मी कधी चर्चला गेलो नाही. सहासष्ट वर्षं झाली. आता मला बघायचंय.”

“डॉईल, खाली चिखल आहे.”

“असेल. तू काय लिहिलंस त्या कागदावर? मौज करायला कोणी उतरत नाही म्हणून?”

“ते पोहण्याबद्दल होतं.”

“मग आई हसत का होती?”

मी उठायला लागलो. तो म्हणाला, “हे बघ, विलोडीननं मला केक दिला तेव्हा मी तिच्या ओढ्यासाठी हो म्हणालो. उगाच, गंमत म्हणून. पण मे महिन्यापासून रोज रात्री तेच आठवतंय. आता ओढ्याचं काय व्हायचं ते होऊ दे. मला उद्या खाली जायचंय. तुला यायचं नसेल तर येऊ नको.”

‘तिच्या ओढ्यासाठी’ का म्हणाला ते विचारायचं राहिलं. विलोडीनचं माहेर ओढ्याकाठी होतं, त्यामुळे असेल.

घरी आलो आणि जेवलो नाही. मला माझा भाऊ पाण्याखाली गेलेला बघायचाय आणि मला तो गेलेला दिसायला नको आहे. दोन्ही एकदम.

१७ ऑगस्ट, रविवार

वीस इंच.

काठावर दीडशे माणसं. टेबलांवर तळलेली भेंडी, बटर बीन्स, चौदा प्रकारचे बटाटे. मिस लॅटिमर वही घेऊन आल्या. विलोडीननं त्यांना पुढे खुर्ची दिली, गोड चहा दिला आणि ‘डेनिस’ म्हणून हाक मारली. परक्या माणसाचं पहिलं नाव दोन मिनिटांत काढून घ्यायची हातोटी आहे तिला. टोन्या मुलांना घेऊन मागे उभी होती. मिस्टर पेल्हम गाडीत बसून होते, काच वर, एसी चालू.

डॉईलला चौघांनी हात देऊन उतरवला. पाणी त्याच्या गुडघ्याला जेमतेम लागत होतं. मग तो बसला. बसल्यावर पाणी पोटापर्यंत आलं. ब्रदर ॲशर यांनी बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले, त्याच्या पाठीमागे हात घातला आणि त्याला मागे आडवा केला. डोकं गेलं, खांदे गेले. दोन्ही गुडघे डोंगरासारखे वर आले.

“गुडघे बाहेर आहेत!” काठावरून कुणीतरी ओरडलं.

ब्रदर ॲशर यांनी वर काढलं. डॉईल खोकला. त्याचे ओठ मला चांगले दिसेनात. दुसऱ्यांदा. या वेळी एकानं पाय ओढून सरळ धरले, तर पोट वर आलं. चांगलं हातभर.

“पोट!” आता निम्मं चर्च ओरडलं. ज्येष्ठ सेवक म्हणाले, पोट हिशेबात धरलं जात नाही असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. दुसरे म्हणाले, धरलं जातं असंही नाही. मिस लॅटिमर यांनी पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं. म्हणाल्या, “सॉरी. हे मला पूर्ण म्हणता येणार नाही.”

डॉईल पाण्यात बसला होता. केसांतून चिखल ओघळत होता. त्यानं कोणाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. हळूच म्हणाला, “ब्रदर, अजून एकदाच. मग माझ्याच्यानं होणार नाही.” त्याच्या मानेची शीर उडताना मला काठावरून दिसत होती.

मी बूट काढायला विसरलो. मी उतरलो.

“हार्लन, सूट!” विलोडीन म्हणाली.

“माहीत आहे.”

ब्रदर ॲशर यांनी खांदे धरले, दोघांनी पाय धरले. मी त्याच्या पोटापाशी गुडघ्यांवर बसलो, दोन्ही तळहात त्याच्या पोटावर, छातीच्या जरा खाली ठेवले आणि सगळं वजन टाकलं. माझ्या हातांखाली त्याचं हृदय होतं. धक्के देत होतं, एक सोडून एक. पाणी पोटावर चढलं. मग मिटलं. तो सगळा खाली होता. डोळे उघडे ठेवून वर बघत होता.

काठावर कोणी ओरडलं नाही.

“मिस्टर टिडमोर?” मिस लॅटिमर यांनी मागून विचारलं. “पूर्ण?”

गाडीची काच खाली गेल्याचा आवाज आला. टोन्याचं धाकटं पोर काहीतरी मागत होतं आणि ती त्याला गप्प करत नव्हती. मी भावाकडे बघत होतो.

“होय,” मी म्हणालो. कोणाला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो. “होय. पूर्ण. सगळा पाण्याखाली आहे.”

१८ ऑगस्ट, सोमवार

पंप काल दुपारी तीनला थांबले. मिस्टर पेल्हम यांचा फोन सकाळी आठला आला, मंडळाचा सव्वाआठला. दोघांचं म्हणणं थोडक्यात एकच होतं. मी किल्ल्या नेऊन दिल्या.

कॅफेत जायचं नाही असं ठरवलं होतं, मग गेलो. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. काचेखालचं पत्र काढलेलं होतं. टोन्यानं कॉफी ओतली. म्हणाली, “तुमचे भाऊ बरे आहेत ना?” मी हो म्हटलं. “बरं झालं,” ती म्हणाली, आणि ते तिनं खरंच मनापासून म्हटलं, आणि मग आत गेली आणि मी होतो तोवर बाहेर आली नाही. तिची मी काय माफी मागणार? कोणत्या शब्दांत? मला अजून सुचलेलं नाही.

तिथून डॉईलकडे गेलो. ओसरीवर पांघरूण घेऊन बसला होता, बाहेर पंचाण्णव अंश फॅरेनहाइटचा उकाडा असताना. चेहरा राखेसारखा, पण तरतरीत.

“काल तू मला किती वेळ दाबून धरलंस ठाऊक आहे?” तो म्हणाला. “ब्रदर ॲशर ‘सोडा, सोडा’ म्हणत होते. मी वर आलो नसतो तर प्रभूलाही नवल वाटलं असतं.”

“मला सोडवेना.”

“का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. मग खरं सांगितलं. “सोडलं की तू जाशील असं वाटलं.”

 रस्त्यावरून एक ट्रक गेला, आम्ही दोघांनी हात केला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि रात्रभर जे विचारायचं होतं ते विचारलं. “खाली काय दिसलं?”

डॉईलनं पांघरूण वर ओढलं. “तू. वाकडातिकडा दिसत होतास पाण्यातून. वर आभाळ, आणि मध्ये तू. आणि लेका, तू रडत होतास.”

“पाणी उडालं असेल.”

तो माझ्याकडे बघत राहिला.

“रडत होतो,” मी म्हटलं.